कासवांच्या गावी दोन दिवस

शाळांना सुट्टी लागली की आपल्या घरांतून बहुधा तीनच बेत निघतात. मुलांच्या नानीकडे जाणे, नात्यातली लग्ने उरकणे, नाहीतर कुणाची मन्नत असेल तर एखाद्या दर्ग्याची जियारत करून येणे. तिन्ही बेत चांगलेच. पण त्यात बाईमाणसाला स्वयंपाकघर चुकत नाही आणि मुलांच्या हातातला मोबाईल सुटत नाही. नुसता निसर्ग पाहायला, समुद्राकाठी शांत बसायला म्हणून घराबाहेर पडावे, हा विचार आपल्याकडे अजून खर्चिक आणि थोडा चैनीचाही वाटतो. म्हणूनच या लेखात अशा एका गावाची ओळख करून देत आहे, जिथे मध्यमवर्गीय कुटुंब घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि मुलाबाळांना घेऊन सहज जाऊ शकते आणि येताना मुले काहीतरी शिकून येतात. हे गाव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले वेळास.

रमजान ईद झाली आणि त्यानंतरच्या शनिवार-रविवारी आम्ही पुण्याहून निघालो. मी, माझे पती, सासूबाई, सातवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. दोनच दिवस होतो, पण त्या दोन दिवसांत जे पाहिले ते इथे सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

वाट

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावला यायचे. तिथून गोरेगावमार्गे आंबेतला पोहोचले की समोर सावित्री नदीची खाडी दिसते. महाबळेश्वरला उगम पावणारी हीच ती सावित्री. आंबेत म्हणजे माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचे गाव. पूल ओलांडला की म्हाप्रळ, तिथे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. पुढे मंडणगड आणि मंडणगडापासून वळणावळणाच्या रस्त्याने वेळास. सगळे मिळून अंतर सुमारे २०० किलोमीटर भरते.

मुंबईकडून श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या बाजूने येणाऱ्यांसाठी आणखी एक गमतीची वाट आहे. बागमांडल्याच्या धक्क्यावर गाडीसकट फेरीबोटीत चढायचे आणि खाडी पार करून वेसवीला उतरायचे. मुलांना हा बोटीचा प्रवास फार आवडतो. एस.टी.ने जाणाऱ्यांनी मंडणगड गाठावे आणि तिथून वेळासच्या गाडीची वेळ आधीच विचारून ठेवावी.

गाव

वेळास हे डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात बसलेले गाव. जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणारी अरुंद वाट, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच वाहणारा पऱ्ह्या आणि कौलारू घरे. वाडीत पाऊल टाकले की उन्हाचा कडाका एकदम कमी होतो. किनारा गावाला अगदी लागून नाही. चालत जायला थोडा वेळ लागतो, वाटेत सुरूची झाडे लागतात आणि मग एकदम मोकळी वाळू. तिथे ना भेळेच्या गाड्या, ना उंट-घोडे, ना पाण्यातल्या मोटारी. आम्ही पोहोचलो त्या दुपारी मोठ्याने ऐकू येत होता तो फक्त लाटांचा आवाज. शहरात राहणाऱ्या आपल्या मुलांना इतकी शांतता आधी चमत्कारिकच वाटते. आमच्या धाकट्याने विचारलेही, “अम्मी, इथे सगळे झोपलेत का?”

इतिहासाच्या पुस्तकात हे गाव वेगळ्या कारणाने येते. पेशवाईतले मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे भानू घराणे मूळचे इथले. पण गेली वीसेक वर्षे वेळासचे नाव देशभर झाले ते ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांमुळे.

खाणारे हात राखणारे कसे झाले

ऑलिव्ह रिडलेची मादी साधारण दोन फूट लांबीची असते. आयुष्यभर ती समुद्रात राहते आणि फक्त अंडी घालण्यासाठी रात्री किनाऱ्यावर येते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत मागच्या पायांनी दीड फुटाचा खड्डा खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून अंगाने ती चोपून बसवते आणि पहाटेच्या आत परत जाते. पुढे त्या पिल्लांशी तिचा काही संबंध राहत नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर अशा माद्या एकाच वेळी लाखोंनी येतात. कोकणात त्या एकेकट्या येतात, म्हणून इथे एकेक घरटे मोलाचे.

वाळूवर कासवाच्या येण्या-जाण्याचा माग उमटतो, ट्रॅक्टरचे चाक फिरल्यासारखा. पूर्वी हा माग काढत लोक घरट्यापर्यंत जात आणि अंडी काढून नेत. खाण्यासाठी आणि विकण्यासाठीही. त्यांच्या हातून जे उरे ते कोल्ही-कुत्री उकरत. कोकणात अनेक किनाऱ्यांवर हेच चाले, कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिलेले आहे. पण रात्रीच्या अंधारात, निर्जन वाळूवर कायदा पोहोचणार कसा?

२००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्र गरुडाचा अभ्यास करत या किनाऱ्यावर आले होते. त्यांना कासवांची अंडी पळवली जात असल्याच्या खुणा दिसल्या. त्यांनी पोलिसी मार्ग धरला नाही. गावकऱ्यांना जमवले, कासवाची माहिती दिली आणि ज्यांना हा माग काढता येतो त्यांनाच राखणीच्या कामाला लावले. मला या साऱ्या कहाणीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. जे डोळे वाळूतला माग ओळखत होते, त्याच डोळ्यांना पहारा दिला. पुढे २००६ पासून इथे ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. वनखातेही सोबत आले. पाहुणे येऊ लागले, त्यांच्या जेवणा-राहण्याची सोय गावातल्या घरांतच झाली आणि अंडी विकून मिळत नसेल इतके चार पैसे पिल्ले जगवून मिळू लागले.

शिक्षक म्हणून मला यातून एक विचार मनात येतो. वर्गात चुकीचे वागणाऱ्या मुलाला आपण आधी शिक्षा देतो. त्याच्या त्याच हुशारीला एखादी जबाबदारी देऊन पाहिली, तर किती वर्गांचे वेळास होईल!

टोपलीखालचे घरटे

राखणीचे काम करणाऱ्यांना इथे ‘कासवमित्र’ म्हणतात. हंगामात ते पहाटेच किनारा पायी पालथा घालतात. घरटे सापडले की अंडी जपून काढून, किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. हे काम अंडी घातल्यापासून काही तासांतच करावे लागते. उशीर झाला, धक्का लागला तर आतला जीव दगावतो. प्रत्येक घरट्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी असते. दिवस भरत आले की त्यावर टोपली उपडी घालतात.

पिल्ले बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. ती उबवायला आई नाही, वाळूची ऊबच त्यांना वाढवते. आणखी नवलाची गोष्ट अशी की, पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक. जग तापत चालले आहे असे आपण बातम्यांत ऐकतो, त्याचा अर्थ इथे वीतभर वाळूत कळतो. उन्हाळे असेच वाढत गेले तर या कासवांत नर किती उरतील, हा प्रश्न अभ्यासकांना पडला आहे.

पहिल्या संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. दोरीच्या मागे चाळीसेक माणसे उभी होती. कासवमित्राने एकेक टोपली उचलून पाहिली. एकाही घरट्यातून पिल्लू आलेले नव्हते. काही पाहुणे कुरकुरले. एक गृहस्थ म्हणाले, “एवढ्या लांबून आलो, थोडी वाळू उकरून तर दाखवा.” कासवमित्र तरुण होता, पण त्याने शांतपणे सांगितले, “साहेब, ती त्यांच्या वेळेला येतात. आपल्या सुट्टीला नाही.” सगळे हसले आणि परत फिरले.

दुसऱ्या दिवशी फजरच्या नमाजनंतर आम्ही पुन्हा गेलो. नुकते उजाडले होते. तिसरी की चौथी टोपली उचलली आणि तिच्याखाली काळपट-करडी, तळहाताच्या निम्म्यात मावतील अशी पिल्ले वळवळत होती. एकूण सव्वीस. त्यांना टोपलीत घेऊन पाण्यापासून काही पावलांवर वाळूत सोडले. सरळ पाण्यात का नाही सोडत, असे मुलीने विचारले. उत्तर मिळाले की ही पावले त्यांची त्यांनी चालायची असतात. मोठी झाल्यावर माद्या जन्मलेल्या भागातच अंडी घालायला परततात आणि त्या ओळखीची सुरुवात या चालण्यात होते, असे अभ्यासकांचे मानणे आहे.

काही पिल्ले सरळ निघाली, काही वाट चुकून फिरली, एक उताणे पडले. लाट आली की दहा-बारा उचलली जात, दोन-तीन मागे फेकली जात, ती पुन्हा चालू लागत. कुणी बोलत नव्हते. सासूबाई दोरीपाशी खाली वाळूत बसून होत्या. शेवटचे पिल्लू दिसेनासे झाले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “अल्लाह के हवाले.” हजारात एखादेच पिल्लू मोठे होईपर्यंत जगते, असा अंदाज सांगितला जातो. मासे, खेकडे, पक्षी, मासेमारीची जाळी, प्लास्टिक या सगळ्यांतून वाचलेले ते एक.

आणि जे वाचते ते किती दूर जाते! जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवले गेले. तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. अशा रीतीने कोकण किनाऱ्यावरच्या कासवांचा प्रवास पहिल्यांदा नकाशावर उमटू लागला. ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, तेही कुठल्या नकाशाशिवाय.

मुक्काम आणि दस्तरखान

वेळासला मोठी हॉटेले नाहीत, आणि तेच बरे आहे. पाहुणे घराघरांतून राहतात. खोली साधी, जमिनीवर गाद्या, जेवण घरातलेच. निघण्यापूर्वी सासूबाईंच्या मनात दोन शंका होत्या. खाण्याचे काय, आणि परक्या घरात आपली नमाज कशी व्हायची? अनेक भगिनींच्या मनात त्या येतील, म्हणून स्पष्टच लिहिते.

जेवण शाकाहारी असते. तांदळाची भाकरी, वाल किंवा कुळथाचे पिठले, फणसाची भाजी, आमटी-भात, सोलकढी. हलालचा प्रश्नच येत नाही. पहाटेच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळे घरच्या बायकाच बघतात आणि पैसेही त्यांच्याच हातात येतात. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर घरच्या काकू मला ‘बाई’ म्हणू लागल्या आणि त्यांच्या नातवाचे गणित कच्चे आहे हे मला पहिल्या तासाभरातच कळले.

नमाजसाठी एखादा स्वच्छ कोपरा मिळेल का, असे मी विचारले तर काकूंनी माजघर झाडून नवी चटई अंथरली. पश्चिम कुठली, असे सासूबाईंनी विचारले. काकू हसून म्हणाल्या, “अहो, सूर्य समुद्रात बुडतो ना रोज! समुद्राकडे तोंड केलं की झालं.” नंतर दोघी म्हाताऱ्या ओटीवर बसून गुडघेदुखीवर बोलत राहिल्या. एकीचे मराठी दखनी वळणाचे, दुसरीचे कोकणी वळणाचे, पण अडले कुठेच नाही.

बोलता बोलता काकूंनी २०२० च्या वादळाची गोष्ट सांगितली. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आले आणि मंडणगड-दापोली तालुक्यांच्या किनाऱ्यालाही झोडपून गेले. सासऱ्यांनी लावलेली नारळी-पोफळी काही तासांत आडवी झाली. नवे रोप लावले तर फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. “त्या वर्षांत घर चाललं ते पाहुण्यांवर,” त्या म्हणाल्या. म्हणजे गावाने कासवांना वाचवले आणि पडत्या काळात कासवांनी गावातली चूल पेटती ठेवली. अर्थात हे उत्पन्न वर्षातल्या दोन-तीन महिन्यांचेच. घरातली तरुण मुले मुंबई-पुण्यालाच आहेत. हंगामापुरती काही परत येतात, हेही थोडके नाही.

शेजारचे बाणकोट

वेळासला गेलात तर जवळच्या बाणकोटला जरूर जा. सावित्रीच्या मुखाशी, टेकडीवर जांभ्या दगडाचा छोटा पण देखणा किल्ला आहे. आदिलशाही, आंग्रे, इंग्रज अशा अनेकांचा अंमल त्याने पाहिला. मराठ्यांच्या काळात त्याला हिंमतगड म्हणत. १७५६ मध्ये तो इंग्रजांकडे गेला, त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. दक्षिण कोकणचे मुख्य ठाणे काही काळ इथेच होते, ते १८२२ मध्ये रत्नागिरीला हलले. तटावर उभे राहिले की एका बाजूला खाडी, समोर हरिहरेश्वरचा डोंगर आणि डावीकडे मोकळा समुद्र. संध्याकाळी हा देखावा चुकवू नये.

किल्ल्याखालच्या गावात आपल्या कोकणी मुसलमानांची वस्ती आहे. खाडीकाठी मशीद, सुकत टाकलेली मासळी आणि रंगवलेली, पण कुलूपबंद घरे. घरधनी मुंबईत, आखातात, कुणाचे नातलग पार दक्षिण आफ्रिकेत. रस्त्यात भेटलेल्या एका आजींनी आग्रहाने ओटीवर बसवले, पाणी दिले. “ईदेला सगली आली होती, आता परत मीच,” असे सहज बोलून गेल्या. वेळासची काकू आणि बाणकोटची आजी, दोघींच्या दाराशी समुद्र तोच आणि वाट पाहणेही तेच.

शांतता आयती नसते

अशा गावांचे नाव झाले की गर्दी येते. आम्ही होतो त्या सकाळीही कुणी मोबाईलचा दिवा पिल्लांवर धरत होते. कासवमित्राला दोनदा ओरडावे लागले. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात, समुद्राच्या चकाकीवर त्यांची वाट ठरते. भलतीकडचा दिवा त्यांना भलतीकडे नेतो. गावाने वीस वर्षे राखलेले आपण एका फोटोसाठी बिघडवायचे का? पाहुणा म्हणून गेलो तर त्या घरची वस्तू आपल्या हाती अमानत असते, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवले जाते. किनाराही तसाच.

म्हणून जाण्यापूर्वी मुलांना एवढे जरूर सांगा. दोरीच्या आत जायचे नाही. पिल्लाला हात लावायचा नाही. दिवा, फ्लॅश नको. आरडाओरडा नको. वाळूत गाडी उतरवायची नाही. वेफर्सच्या पिशव्या आणि बाटल्या परत गाडीत. पाण्यात उतरायचे तर आधी गावकऱ्यांना विचारून.

जाणाऱ्यांसाठी

माद्या अंडी घालतात साधारण नोव्हेंबर ते मार्च. पिल्ले दिसण्याचा काळ फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. सध्या रमजान नेमका फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, त्यामुळे आपल्या कुटुंबांना ईदनंतरचे दिवस सोयीचे पडतात. निघण्यापूर्वी गावात फोन करून घरट्यांची स्थिती विचारा आणि राहण्याची सोय आधीच ठरवा. शनिवार-रविवारी गर्दी असते, जमले तर मधले वार निवडा. निदान एक रात्र मुक्काम ठेवा, म्हणजे संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही वेळा मिळतात. रोख पैसे सोबत असू द्या, मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. वडीलधाऱ्यांसाठी वाळूत चालायला सोपी चप्पल, टोपी आणि पाण्याची बाटली घ्या. पिल्ले दिसतीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही, हे मुलांना घरूनच समजावून न्या.

आमच्या मुलीने परत आल्यावर शाळेच्या प्रकल्पासाठी वेळासच निवडले. मुखपृष्ठावर तिने कासव काढले नाही, उपडी टोपली काढली. पुढच्या हंगामात, इन्शाअल्लाह, माझ्या वर्गातल्या मुलांची सहल तिकडे न्यायचा विचार आहे. तोवर तुमच्यापैकी कुणी जाऊन आलात, तर घरातल्या मुलांना काय वाटले ते मासिकाला जरूर लिहून कळवा.